रजिस्टर, गोणपाट आणि नळ

दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो फिरायला लागतो. साताऱ्याच्या शाळेचं पान. ७ नोव्हेंबर १९००, क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली. खाली कुणीतरी लिहितंच, "आमच्या साताऱ्याने देशाला बाबासाहेब दिले!" मग अंगठे, हात जोडलेले, फुलं वगैरे.

या "दिले"वर माझा आक्षेप आहे. काका रागावणार हे ठाऊक आहे, पण लिहूनच टाकते.

आधी शाळेबद्दल थोडं, बाहेरच्या मंडळींसाठी. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य कंपनी सरकारने खालसा केलं आणि नंतर तीनच वर्षांत, १८५१ साली, ही सरकारी शाळा निघाली. पुढे ती जुन्या राजवाड्यात भरू लागली. ज्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं, त्यांचंच नाव नंतर शाळेला मिळालं. (इतिहासालाही विनोदबुद्धी असते म्हणायची.) आज प्रतापसिंह हायस्कूल जिल्हा परिषदेचं आहे. भिवाने तिथे पाऊल ठेवलं तो दिवस म्हणून २०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यभर विद्यार्थी दिवस पाळतात. हे चांगलंच झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण भिवाला प्रवेश मिळाला तो कुणा सातारकराच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाला सरकारी शाळेत घेतलं नाही, त्याचा अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला आणि तिथेही नाकारला गेला. त्यावरून बराच काथ्याकूट होऊन १८५८ मध्ये सरकारने जाहीर केलं की, निव्वळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्या जातींना खुल्या राहतील. म्हणजे बघा, दार उघडलं ते कागदाने. तेही एका पोराच्या अर्जामुळे, ज्याला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणि दाराच्या आत काय होतं? ते खुद्द बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलंय. वर्गातल्या नंबराप्रमाणे बसायचं नाही, एका कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला स्वतःचं गोणपाट. शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर इतर मुलांना मास्तरांची परवानगी पुरे. याला मात्र नळाला हात लावायची बंदी. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्यात जास्त टोचलं ते गोणपाट घरी नेणं. दप्तर सगळीच मुलं नेतात हो. आपली अस्पृश्यता रोज काखेत मारून घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन यायची, हे नऊ-दहा वर्षांच्या पोराने! आणि तरी तो रोज जात राहिला.

यावर काका म्हणतील, आणि आंबेडकर मास्तर? डब्यातली भाजी-भाकरी त्या मुलाला देणारे? खरंय. बाबासाहेबांनीही त्यांची आठवण पुढे मायेने काढलीय. पण एका मास्तरांची भाकरी म्हणजे शाळेचा नियम नव्हे. शाळेचा नियम नळापाशी दिसत होता. त्याच साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, जेवतील असं वसतिगृह काढलं. म्हणजे इथे जमणारच नाही असं काही नव्हतं, कुणीतरी मनावर घ्यायला हवं होतं. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला आणि तरीही १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्यावर जावं लागलं. नळाला हात लावू न दिलेला मुलगाच तो!

तेव्हा साताऱ्याने "दिले" म्हणू नका. त्या मुलाने घेतलं, हिसकून घेतलं म्हणा हवं तर.

रजिस्टरचं पान जपलंय, ते जपायलाच हवं. पण माझ्या हातात असतं तर त्या पानाशेजारी मी एक गोणपाट ठेवलं असतं, मुलांना हात लावून बघता येईल असं. आणि ७ नोव्हेंबरला भाषणांआधी पाचवीच्या वर्गाला व्हिसातली ती पाणी पिण्याची दोन पानं मोठ्याने वाचून दाखवली असती. शाळेचा इतिहास सांगायला एवढं सामान पुरतं.

काका, फोन कराल तेव्हा सावकाश बोला, मी ऐकते.