घरची गाडी : थंडी येण्यापूर्वी रंगाची निगा



खंडेनवमी जवळ आली की आपल्या घरोघरी हत्यारे-अवजारे बाहेर निघतात. कोयता, करवत, विळी, शिवणयंत्र यांच्या रांगेत आता दारातील मोटारगाडीही येऊन उभी राहते. तिला धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. दक्षिणेत हाच दिवस आयुधपूजेचा असतो. बंगालमध्ये सप्टेंबरात विश्वकर्मापूजा होते. जी वस्तू वर्षभर आपल्यासाठी राबते, तिच्याकडे एक दिवस तरी कृतज्ञतेने पाहावे, ही आपली फार चांगली रीत आहे. आज या सदरात सुचवावयाचे आहे ते एवढेच, की त्या दिवसांतील ती निगा थोड्या जाणतेपणाने केली, तर पुढचा सबंध हिवाळा गाडीच्या रंगाला सुखाचा जातो.

‘रंगाचे काय एवढे? तो शोभेपुरता!’ असे आपल्यापैकी काहींना वाटेल. मलाही एके काळी तसेच वाटत असे. आमच्या वडिलांनी निवृत्तीनंतर इंदूरला एक गडद निळी गाडी घेतली होती. रोज पहाटे जुन्या धोतराचा तुकडा घेऊन ते ती पुसावयाचे; त्यात कधी खंड पडला नाही. त्यांच्या माघारी आईने ती गाडी विकू दिली नाही. एका हिवाळ्यात दाराच्या खालच्या कडेला रंगाचे दोन फुगे दिसले, म्हणून मी ती एका वयस्क मिस्तरींकडे नेली. त्यांनी गाडी उन्हात उभी केली आणि टपावर हात ठेवून मला जवळ बोलावले. निळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा गोल गोल फिरलेल्या होत्या. मग त्यांनी तो फुगा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जरासा दाबला, तो टोक पत्र्याच्या आरपार गेले! ‘बाबूजींनी फार जपली,’ ते म्हणाले, ‘पण कोरडी जपली, आणि खाली वाकून कोणी पाहिलेच नाही.’ दाराचा सडलेला पत्रा कापून नवा जोडावा लागला. घरी आल्यावर आईने एकच विचारले, ‘मग ते रोज पुसत होते, ते चुकलेच का रे?’ मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही.

ते उत्तर समजून घ्यावयाचे तर रंगाची घडण आधी पाहिली पाहिजे. आजच्या गाडीचा रंग हा एक थर नसून चार थरांची रचना असते. पत्र्यावर प्रथम गंजरोधक प्रक्रिया होते आणि विजेच्या साहाय्याने अस्तराचा पहिला थर बसविला जातो. त्यावर दुसरे अस्तर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वरचा पारदर्शक थर तर अवघा ४०-५० मायक्रॉनचा. माणसाच्या केसापेक्षाही पातळ. ऊन, पाणी, धूळ यांचा पहिला मारा झेलावयाचा तो या नाजूक पापुद्र्याने. तो गेला की रंग विटतो, आणि रंग भेदून ओल पत्र्यापर्यंत पोहोचली की गंज धरतो. गंज एकदा आत शिरला, की तो रंगाच्या खालून पसरत जातो. आपल्याला दिसतो तो फुगा म्हणजे त्याची उशिरा आलेली वर्दीच होय.

आता हिवाळ्याचे वैर कशाशी, ते पाहू. पावसाळ्यात सरी गाडीवरील धूळ निदान धुऊन तरी नेतात. पाऊस सरला की ती सोय संपते. निरभ्र रात्री गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो आणि त्यावर दव साचते. या दवात दिवसभराची धूळ, धुराची काजळी, बांधकामाचे सिमेंट असे सर्व काही कालवले जाते आणि सूर्य वर आला की त्याची खपली बनते. उत्तरेत याच सुमारास भाताच्या तोडणीनंतरचा धूर आणि शहरांचे धुके एकत्र येते. दिवाळीच्या फटाक्यांची राख त्यात भर घालते. अशा वेळी आपण घाईघाईने कोरडे फडके हाती घेतो, आणि खरे नुकसान तेथे होते. रस्त्याच्या धुळीत गारेचे कण असतात. ते गाडीच्या रंगाहून कितीतरी कठीण. कोरडे फडके फिरविणे म्हणजे पॉलिश कागदाने रंग घासणेच होय.

फडक्याच्या जोडीने आणखी तीन सवयी सोडाव्यात. घासलेटाचा किंवा डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चकाकी घटकाभराची असते. मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ अधिक चिकटते, शिवाय आगीचे भय वेगळेच. कपडे धुण्याची पूड किंवा भांड्यांचा साबण रंगावरील मेणाचे कवच धुऊन काढतो. तिसरी सवय दरवर्षी पॉलिश करून घेण्याची. ॲम्बॅसेडर-फियाटच्या काळातील रंग उन्हाने भुकटीसारखे सुटत. त्यांना वरचेवर घासून उजाळा द्यावा लागे. आपले जुने कारागीर अजूनही मोटारीच्या रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. १९२०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या, लवकर वाळणाऱ्या एका रंगाचे ते व्यापारी नाव. आजचा रंग निराळा आहे. पॉलिश म्हणजे वरच्या पारदर्शक थराचा अंश खरवडणे, आणि मेण म्हणजे त्यावर नवे पांघरूण घालणे, हा भेद लक्षात ठेवावा. पॉलिश क्वचित, गरजेपुरतेच. मेण मात्र हिवाळ्यापूर्वी अवश्य.

कामाला लागताना गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा हाताला थंड लागेल तोवर थांबावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो आणि डाग उरतात. दोन बादल्या घ्याव्यात : एकीत गाडीसाठीच्या सौम्य शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. आधी झारीने किंवा मगाने पाणी ओतून सैल धूळ वाहू द्यावी. मग मायक्रोफायबरचे मऊ कापड शाम्पूत बुडवून टपापासून खाली येत जावे. प्रत्येक भाग झाला की कापड साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावे. म्हणजे काढलेली माती परत रंगावर जात नाही. चाके व खालचा भाग सर्वांत शेवटी, आणि तेही निराळ्या कापडाने. अखेरीस स्वच्छ पाण्याने धुऊन, कापड दाबून न घासता, टिपून घ्यावे. नळी सोडून ठेवली तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज वाहून जाते. हेच काम तीन-चार बादल्यांत होते. २०२४च्या मार्चमध्ये टंचाईमुळे बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी घालून ५,००० रुपये दंड ठरविला होता, याची आठवण सर्वांनीच ठेवावी. साठविलेले पावसाचे पाणी असेल तर उत्तमच. त्यात क्षार कमी असल्याने पांढरे ठिपकेही उरत नाहीत.

यानंतरचे काम वाकून करावयाचे आहे, आणि आमच्या घरी राहून गेले ते हेच. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी लहान भोके असतात. पावसाळ्यात ती चिखलाने बुजतात आणि दाराच्या पोटात पाणी साचून राहते. ती बारीक काडीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने मोकळी करावीत. समोरच्या काचेखालील खाचेत साठलेला पाला काढावा. चाकांवरील कमानींच्या आतली माती जोराच्या पाण्याने सोडवावी. खडी उडून जेथे रंगाचा टवका गेला असेल तेथे त्याच छटेचा रंग बारीक कुंचल्याने भरावा. आपल्या गाडीच्या छटेचा क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेला असतो. नखाएवढा टवका आज भरला, तर उद्याचा हातभर पत्रा वाचतो.

धुतलेल्या पत्र्यावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवून पाहा. खरखर लागली तर रंगात धुळीचे, लोखंडाचे कण रुतलेले आहेत असे समजावे. रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्यांना तर नारिंगी ठिपकेही दिसतील. यासाठी ‘क्ले बार’ या नावाची मऊ वडी मिळते. शाम्पूचे पाणी शिंपडून ती हलक्या हाताने फिरवावी. मात्र ती जमिनीवर पडली तर निःसंकोच टाकून द्यावी. तिला चिकटलेली खडी रंगावर ओरखडे काढील.

मग मेण. उत्तम मेणांत ‘कार्नोबा’ असते. ते ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांपासून मिळते. त्याचे कवच साधारण दीड-दोन महिने टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक, काही महिने टिकते. थोडेसे घेऊन, एका वेळी एकच भाग, अगदी पातळ लावावे. जाड लावल्याने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. डब्यावर सांगितलेला वेळ थांबून स्वच्छ कापडाने पुसावे. वर पाणी शिंपडले असता ते मोत्यासारखे गोळा होऊन ओघळले, तर काम साधले. काही दिवसांनी पाणी पसरून राहू लागले, की पुन्हा मेणाची वेळ आली असे जाणावे. गाडीचा रंग चमकविरहित, मॅट असेल, तर हे मेण लावू नये. नुकताच रंग दिलेला असेल, तर रंगकाम करणाऱ्यास विचारूनच लावावे.

हे सारे केव्हा करावे, हे आपण कोठे राहता यावर अवलंबून आहे. डोंगराळ प्रदेशातील वाचकांनी थंडी कडक होण्याआधीच हे उरकावे. पारा दहा अंशांखाली गेला की मेण व सीलंट नीट बसत नाही. २०२०च्या ऑक्टोबरात रोहतांगखालील ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मैदानी मुलखातील कुटुंबेही हिमप्रदेशात गाडी नेऊ लागली आहेत. त्यांनी गाडीवरील बर्फ फावड्याने किंवा ताठ झाडूने खरवडू नये, आणि गोठलेल्या काचेवर उकळते पाणी ओतू नये, काच तडकते. तमिळनाडूत ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच पावसाचे दिवस, म्हणून तेथे ईशान्य मोसमी पाऊस येण्यापूर्वी एकदा आणि तो संपल्यावर पुन्हा एकदा पाहणी करावी. मुंबई, गोवा, विशाखापट्टण यांसारख्या किनाऱ्यांवर हवेतील मीठ गंजाला वेग देते. तेथे गाडीचा तळ गोड्या पाण्याने अधूनमधून धुणे अगत्याचे. कॅनडा-अमेरिकेत असलेल्या आपल्या मुलाबाळांनाही हे कळवावे. तेथे बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते चाकांबरोबर थेट पत्र्याखाली जाते.

पुढे रोजची निगा सोपी आहे. पक्ष्यांची विष्ठा दिसताच ओले कापड दोन मिनिटे त्यावर ठेवून, भिजल्यावर उचलून घ्यावी. तिच्यातील आम्ल उन्हात रंग खाते. पूजेचे हळदकुंकू त्याच संध्याकाळी ओल्या कापडाने टिपावे आणि माळ दोऱ्यासह उतरवावी. वाऱ्याने हलणारा दोरा बॉनेटवर चरे पाडतो. धुळकट किंवा ओल्या गाडीवर आच्छादन घालू नये, आणि घालावयाचे ते हवा खेळू देणारे असावे.

आणखी एक विनंती. शहरांतून पहाटे वीस-वीस गाड्या पुसणारे हात आपल्यापैकी अनेकांच्या दारी येतात. एकाच फडक्याने आणि एकाच बादलीने ते सर्व गाड्या पुसतात, याचा दोष त्यांना देऊ नये. आपल्या गाडीसाठी दोन स्वच्छ कापडे आपणच द्यावीत, रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून एकदा नीट धुण्यास सांगावे आणि मोबदला मात्र कमी करू नये. डिसेंबरच्या पहाटे बादलीत थोडे कोमट पाणी मिसळून दिले, तर ते रंगालाही मानवेल आणि त्या हातांनाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढच्या खंडेनवमीला देता आले. आम्ही दोघांनी मिळून ती निळी गाडी धुतली. दारांची भोके मी मोकळी केली. मेणाचे पुसणे आईने केले. तिला म्हटले, ‘बाबांचे पुसणे चुकले नाही गं, फक्त कापड ओले हवे होते.’ ती काही बोलली नाही. फडके पिळून पुन्हा पुसू लागली. वाचकहो, आपल्या दारातील गाडीवरही कोणाची तरी अशीच माया असेल. या वर्षी तिला दोन बादल्या पाण्याची आणि थोड्या मेणाची जोड द्या, आणि एकदा खाली वाकून अवश्य पाहा.