उधळलें, विरलें कीं बुडालें ?

गेल्या हिंवाळ्यांत भाषांतराच्या तासाला एका विद्यार्थ्यानें असें वाक्य लिहिलें : 'सूर्य वर येतांच कुंडलिकेवरील धुकें उधळलें.' वर्गांत हंशा पिकला. धुकें म्हणजे कांहीं बुजलेला घोडा नव्हे, कीं त्यानें उधळावें ! परंतु त्या मुलाचा दोष आम्हांस फारसा वाटत नाहीं. मूळ इंग्रजी वाक्यांत 'डिसिपेट' हें क्रियापद होतें. कोशांत त्यापुढें 'उधळणें' असा अर्थ दिला होता, आणि तो चुकीचाही नाहीं.

हें क्रियापद इंग्रजींत लॅटिनमधून आलें. त्याचा धात्वर्थ 'इकडे तिकडे फेकणें' एवढाच. पुढें त्यास दोन वाटा फुटल्या. एकीनें तें सकर्मक राहिलें : कोणी आपलें धन, बळ किंवा वेळ 'डिसिपेट' करितो, म्हणजे उधळतो. दुसरीनें तें अकर्मक झालें : धुकें, धूर, उष्णता हीं आपोआप 'डिसिपेट' होतात. इंग्रजीस जें एका शब्दांत भागतें त्यासाठीं मराठी निरनिराळे शब्द बाळगून आहे. धुकें विरतें, जमाव पांगतो, मणी विखुरतात, पैसा उधळला जातो.

आणि आपल्या 'उधळणें' या शब्दांत नेहमीं निंदाच असते असेंही नाहीं. गणपतीच्या मिरवणुकींत गुलाल उधळतात, जेजुरीस भंडारा उधळतात; त्या मुठीस कोणी उधळी म्हणत नाहीं. तीच मूठ तिजोरींत गेली कीं शब्दास डाग लागतो. पेणच्या खारेपाटांत मोड आलेलें भात चिखलावर फेकून पेरितात. हाताची हालचाल गुलाल उधळणाराचीच. परंतु तेथें शेतकरी 'उधळलें' असें कधींच म्हणणार नाहीं. फेकलेलें कणसांतून परत यावयाचें आहे, हें तो जाणतो.

लूककृत शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. मूळ ग्रीक ग्रंथांत त्याच्या करणीस योजिलेलें क्रियापद 'विखुरणें' या अर्थाचेंच आहे. मात्र तेथें कर्ता स्पष्ट आहे. संपत्ति विखुरली गेली असें नव्हे. त्या मुलानें ती विखुरली.

येथवर शब्दांची मौज झाली. परंतु पेणकरांस हा भेद मौजेचा राहिलेला नाहीं. सप्टेंबर २०१० मध्यें रिझर्व्ह बँकेनें पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले, आणि सुमारें दोन लक्ष ठेवीदारांचा पैसा अडकला. बनावट कर्जखात्यांच्या द्वारें ठेवी बाहेर गेल्याचे आरोप झाले, खटले उभे राहिले. तेव्हांपासून बाजारांत, एस्‌टींत, लग्नाच्या पंगतींत एकच वाक्य ऐकूं येतें : 'बँक बुडाली, पैसे बुडाले.'

आमचा आक्षेप या 'बुडाले'स आहे. होडी वादळांत बुडते, धुकें उन्हानें विरतें, तेथें 'कोणीं?' असें विचारावयाचें नसतें. ठेवी कांहीं आपल्या पायांनीं खाडींत उतरत नाहींत. कर्ज कोणाच्या तरी सहीवांचून निघत नाहीं, आणि हिशेब कोणी तरी तपासावयाचा असतोच. दोषी कोण हें न्यायालयानें ठरवावें. तें आमच्या लेखणीचें काम नव्हे. परंतु वाक्यांत कर्त्याची जागा मोकळी तरी ठेवावी ! ती जागाच बुजविली, म्हणजे विचारणारेंही कोणी उरत नाहीं.

घरांत मात्र आपण नेमके उलट वागतों. रोह्यास धावीर महाराजांच्या पालखीच्या दिवशीं मुलानें फुगे व भेळ यांवर शंभर रुपये घातले, कीं वडील तत्काळ म्हणतात, 'यानें पैसे उधळले.' तेथें कर्ता सांपडावयास क्षणही लागत नाहीं. पालकवर्गानें रागावूं नये. पण लहानास सकर्मक आणि मोठ्यास अकर्मक, हें व्याकरण आम्हांस मान्य नाहीं.

याच रोह्याशीं नातें असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली होती, आणि कालिदासाचें 'मेघदूत' मराठींत आणिलें होतें. धन आणि धातु या दोहोंचा हिशेब एकाच माणसास येऊं शकतो, हें आपल्या मुलांस दाखवावयास दूर जावयास नको.

असो. त्या विद्यार्थ्याच्या वहींत 'उधळलें' खोडून 'विरलें' असें लिहिण्यांत आलें. पुढच्या तासाला तेंच क्रियापद घालून, परंतु कर्ता गाळून, दुसरें इंग्रजी वाक्य दिलें. विषय ठेवींचा होता. बहुतेकांनीं ताज्या धड्यास अनुसरून 'ठेवी विरल्या' असें लिहिलें. एका मुलीनें 'ठेवी उधळल्या गेल्या' असें लिहून समासांत पेन्सिलीनें बारीक अक्षरांत विचारलें होतें : 'कोणीं ?'