रुमालातील पिस्टन

पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. सकाळी शटर वर गेले की गॅरेजमधील मुले चिठ्ठ्या घेऊन येतात आणि केबल, ब्रेक शू, चेन असा चालू गाड्यांचा माल झपाट्याने उठतो. अधूनमधून मात्र एखादे गिऱ्हाईक चिठ्ठीवाचून येते. रुमालात गुंडाळलेला झिजका पिस्टन ते काउंटरवर ठेवते आणि विचारते, "येझदीचा मिळेल का?" गाडी बहुधा वडिलांची असते. अशा माणसाला "नाही" म्हणून वाटेला लावणे सोपे असते. त्याला थांबवून घेण्यासाठी मात्र व्यापाऱ्याला माल कळावा लागतो.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७० च्या दशकापासून येझदी या नावाने मोटारसायकली तयार होत. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. त्यानंतर या गाड्यांचे भाग तीनच वाटांनी मिळतात : कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेला मूळ माल, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग आणि लहान कारखान्यांत नव्याने घडवलेले भाग. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये बाजारात परतले, म्हणून काहींना वाटते की आता प्रश्न सुटला. परंतु ही नवी इंजिने फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचा पिस्टन जुन्या टू-स्ट्रोक येझदीला बसत नाही.

गिऱ्हाईक गाडीच्या नावाने मागते, माल मात्र मापाने ओळखला जातो. दोनशे पन्नास सीसीच्या येझदीचा बोअर मूळचा ६५ मिलिमीटर. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा करून त्या मापाचा वाढीव पिस्टन घालतात : ६५.२५, ६५.५० असा. येथे अनेकांची नेमकी उलट चूक होते. ते आधी लेथवर बोअर करून घेतात आणि मग त्या मापाच्या पिस्टनसाठी गावोगाव हिंडतात. आधी पिस्टन हाती यावा आणि त्याच्या प्रत्यक्ष मापावरून बोअर व्हावा, एवढे एक वाक्य दुकानदाराने सांगितले तरी गिऱ्हाइकाचे सिलिंडर वाचते. बेअरिंगची गोष्ट त्याहून सोपी. ६२०४ क्रमांकाचे बेअरिंग आतून २०, बाहेरून ४७ आणि जाडीला १४ मिलिमीटर असते. मग ते पाण्याच्या पंपात बसो की मोटारसायकलीत. क्रँकवर मात्र बहुधा सी-३ शिक्क्याचे, किंचित ढिले बेअरिंग लागते. ऑइल सीलचेही आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी मिळाली की गाडीचे नाव विचारण्याचे कारण उरत नाही. व्हर्नियर जवळ असलेल्या दुकानात "मिळत नाही" हे उत्तर कमी ऐकू येते.

"ओरिजिनल आहे ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. गिअरचा शाफ्ट जुना, न वापरलेला आणि गंज न चढलेला मिळाला तर तो नव्या नकलेपेक्षा शंभरदा बरा. तोच न्याय रबराला लावता येत नाही. तीस वर्षे डब्यात पडलेले मूळ ऑइल सील न वापरताही कडक होते. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे सील गळू लागले की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल व ऑइल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. गाडी भरधाव असेल तर मागचे चाक जागीच अडकते. तेव्हा डब्यावरचे जुने नाव पाहून खुललेल्या गिऱ्हाइकाला आजच्या चांगल्या बनावटीचे, स्वस्त सील पुढे करणे, हेच तिथे खरे दुकानदाराचे काम.

मराठीत 'बनावट' म्हणजे घडण, आणि 'बनावट' म्हणजे खोटेही. लहान कारखान्यात तयार झालेला पिस्टन पहिल्या अर्थाने बनावटीचा असतो आणि त्यात गैर काही नाही. बंद पडलेल्या कंपनीचा डबा छापून तो त्यात भरला की दुसरा अर्थ सुरू होतो. चालू गाडीचा माल खोटा निघाला तर कंपनीकडे दाद मागता येते. येथे विचारायला कुणी उरलेले नाही, दुकानदाराचा शब्द एवढेच काय ते प्रमाण. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहेच. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे आणि अस्सलाच्या जागी नकली देणे ही तिन्ही येतात. सुट्या भागांचा जणू सारा बाजारच त्या यादीत आला आहे. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पुष्कळ भाग सरळ मार्गाने आलेले असतात, पण क्रमांक कानशीने घासलेला इंजिनचा खोका कितीही स्वस्तात मिळाला तरी हातात घेऊ नये. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी राहते, तेव्हा इंजिनवरचा क्रमांक आरसीशी जुळवून पाहतात.

बिलावर दोन शब्द अधिक लिहिले की बहुतेक तंटे मिटतात : 'जुना मूळ', 'वापरलेला' किंवा 'नवीन, स्थानिक'. भाव तिन्हींचा वेगळा असतो आणि गिऱ्हाइकाला तो पटतोही.

रुमालवाल्याला त्या दिवशी सगळे मिळतेच असे नाही. दुकानदार व्हर्नियर लावतो, आकडा कागदावर लिहितो, दोन सील आणि एक बेअरिंग पुढ्यात ठेवतो. पिस्टन ६५.५० चा आहे, स्थानिक आहे, असे सांगतो. गिअरचा शाफ्ट आपल्याकडे नाही, तो चार दुकाने सोडून पलीकडे विचारावा, हेही सांगतो. गिऱ्हाईक झिजका पिस्टन पुन्हा रुमालात बांधते, नवा खिशात घालते आणि सिलिंडर आणायला परत जाते.