अठराव्या वर्षानंतर

सरत्या वर्षाचा ताळेबंद मांडण्याची संपादकीय वहिवाट आम्ही यंदा आटोपती घेत आहो. मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचे शासननिर्णय लोकमताच्या रेट्यामुळे मागे घ्यावे लागले, आणि ऐन सप्टेंबरात मराठवाड्यातील उभी पिके पाण्याखाली गेली, एवढा उल्लेख पुरे. कारण वर्षभर आमच्या मनाला एक गोष्ट डाचत राहिली आहे: कोविडच्या महासाथीचा विषय निघाला, की सुस्थित आणि सुशिक्षित माणसेसुद्धा ‘संपले एकदाचे ते’ असे म्हणून मोकळी होतात. पुरावा म्हणून कोणी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा अहवाल पुढे करतो. दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या ग्रामीण तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २०.५ पर्यंत घसरले होते, ते २०२४ मध्ये २७.१ झाले; तेव्हा मुले सावरली, असा निष्कर्ष. वाचन सावरले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या घरातला कर्ता पुरुषच गेला, त्या घरातील मुलाची मोजदाद कोणत्या अहवालात होते?

सरकारदरबारी नोंदलेले मृत्यूच महाराष्ट्रात दीड लाखाच्या घरात गेले. आईबाप दोन्ही गमावलेल्या बालकांसाठी राज्याने २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव जाहीर केली, जी एकविसाव्या वर्षी व्याजासह हाती यावी. केंद्राने तेविसाव्या वर्षी दहा लाखांची तजवीज केली. या तरतुदी सर्वथा योग्य होत्या. पण बाप गेला आणि आई मागे राहिली, अशा मुलांची संख्या याच्या कितीतरी पट, आणि त्यांच्या वाट्याला आले ते बालसंगोपन योजनेचे मासिक ११०० रुपये, पुढे वाढून २२५०. तेही हप्ते रखडत रखडत, आणि वयाची अठरा वर्षे पुरी होईपर्यंतच.

गेल्या श्रावणात आमच्या एका जुन्या वाचक भगिनी महासाथीत पती गमावलेल्या, आपल्या नात्यातील सुनेला घेऊन कार्यालयात आल्या. तिच्या पिशवीतून निघालेले दफ्तर आम्ही तासभर चाळले. छातीच्या स्कॅनचा अहवाल, खासगी रुग्णालयाची बिले, मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचे बोनाफाईड. फक्त कोविडच्या चाचणीचा कागद नव्हता, कारण पती आजारी पडला त्या एप्रिलात तिच्या गावी चाचणी वेळेवर झालीच नाही, आणि रुग्णालयाने मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लिहिले. त्यामुळे पन्नास हजारांच्या सानुग्रह साहाय्यासाठी जिल्ह्याच्या समितीपुढे फेऱ्या, आणि सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी म्हणून सासरच्या माणसांपुढे पदर पसरणे, हे दोन्ही एकाच वेळी सुरू राहिले. मुलाची ऑनलाईन शाळा पतीच्याच मोबाईलवर भरत असे. पती गेल्यावर गृहपाठाचे आणि कर्जाच्या हप्त्याच्या तगाद्याचे संदेश त्या एकाच पडद्यावर एकाखाली एक येऊ लागले, आणि तेरा वर्षांचा तो मुलगा धडा उघडण्यापूर्वी तगादा वाचू लागला. आज तो बारावीला आहे. येत्या फेब्रुवारीत त्याला अठरा पूर्ण होतील, त्याच महिन्यात बालसंगोपनाचे अनुदान थांबेल, आणि जूनमध्ये महाविद्यालयाची फी भरावयाची असेल. शिक्षणाचा खर्च ज्या वेळी सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी हात काढून घेणारी ही व्यवस्था आम्हांला अन्यायाची वाटते.

२७ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने राज्यात अशा घरांसाठी ‘मिशन वात्सल्य’च्या तालुका समित्या तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली नेमल्या गेल्या; हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने या प्रश्नाचा जो अखंड पाठपुरावा केला, त्याचा हा कृतज्ञतापूर्वक निर्देश. पण चार माणसांनी किती काळ दारोदार हिंडावे? एका पालकाच्या मृत्यूने उघड्यावर पडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे अनुदान त्याचे पदवीचे वा व्यवसायशिक्षण पुरे होईपर्यंत चालू ठेवावे, हप्त्यांना ठरलेली तारीख असावी आणि तालुका समित्यांच्या बैठका नियमाने भरवाव्यात, अशी आमची शासनाकडे स्पष्ट मागणी आहे.

यंदाच्या अंकाचे सूत्र ‘घर’ हे आहे. कथा, कविता आणि लेख यांतून नाना प्रकारची घरे आपणांस भेटतील, आणि नेहमीच्या आस्थेने आपण ती वाचाल, याची आम्हांला खात्री आहे. त्याबरोबर एक विनंती. आपल्या गल्लीत, वाडीत, नात्यागोत्यात महासाथीत कर्ता गमावलेले एखादे घर असेलच. तेथील मुलगा किंवा मुलगी यंदा बारावीला असेल, तर पुढील फीची काय व्यवस्था आहे, याची आपण होऊन विचारपूस करा. त्या आईचा अर्ज अडला असेल, तर एक दिवस काढून तिच्यासोबत तहसील कचेरीत जा. आणि तेथे काय उत्तर मिळाले, ते आम्हांला अवश्य कळवा.

— संपादक