खालचा सूर कोण ऐकतो?

रॉकसंगीतावर वाद रंगला की आमच्या मित्रमंडळीत गिटारवादकांची नावे धडाधड निघतात. बेसवादकाचे नाव कुणाच्या ओठांवर येत नाही. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली बोलणारे हे वाद्य! ते केवळ ठेका सांभाळते, असा सार्वत्रिक समज. १९७० च्या दशकातील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ने तो खोटा ठरवला, हे आपण लक्षातच घेतलेले नाही.

‘येस’ वृंदाचा क्रिस स्क्वायर हा त्याला अपवाद. नखीने छेडलेला त्याचा खणखणीत बेस १९७१ च्या ‘राउंडअबाउट’मध्ये थेट पुढे येऊन उभा राहतो. मलाही तो अत्यंत प्रिय आहे. परंतु त्याला दाद देण्यात आपले कौतुक ते काय? तो ती मागूनच घेतो!

माझा आग्रह आहे तो ‘जेंटल जायंट’च्या रे शुलमनसाठी. हा वृंद १९७० ते १९८० असा दहा वर्षे टिकला. बेसखेरीज रे व्हायोलिन आणि ट्रम्पेटही वाजवी. त्यांची १९७२ ची ‘ऑक्टोपस’ ही तबकडी ऐकावी. एक गाणार आणि बाकीचे साथ करणार, असा हिशेब तिथे नाही. अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी एकमेकींना छेद देत चालतात आणि बेस हा त्या संभाषणातला बरोबरीचा भागीदार असतो. एका गायकामागून जाण्यास सरावलेला आपला कान नेमका इथेच फसतो. सर्वांशी मिळून बोलणारा आपल्याला गप्प वाटतो!

‘सॉफ्ट मशीन’च्या ह्यू हॉपरचेही तेच. १९७० च्या ‘थर्ड’ या संचातील पहिली रचना, ‘फेसलिफ्ट’, याच बेसवादकाची. पण हे किती जणांना ठाऊक आहे?

हॉपर २००९ मध्ये गेला, स्क्वायर २०१५ मध्ये, शुलमन २०२३ मध्ये. आता त्यांना आपल्या आवडीनिवडीच्या याद्यांशी काही कर्तव्य नाही. प्रश्न आपल्या कानांचा आहे. जो मोठ्याने वाजतो तोच मोठा, ही सवय संगीतापुरती थांबत नाही. वर्गात आणि व्यासपीठावरही आपण तिच्याच तालावर माना डोलावतो. म्हणून मित्रहो, एखादी आवडती तबकडी पुन्हा लावा आणि या खेपेस फक्त सर्वांत खालचा सूर धरून शेवटपर्यंत चला. मग वाद घालायला मी आहेच!