घरी भरलेल्या काडतुसाने नेम सुधारत नाही

मा. संपादक,


वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरली की पिस्तुलाचा नेम सुधारतो आणि पैसाही वाचतो, असे आपल्या रविवार पुरवणीतील लेखात म्हटले आहे. यातून नव्या नेमबाजांची दिशाभूल होते.

एक, महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्याचा स्फोटक लेप कडेतच असतो आणि ती कड फायरिंग पिनने चेपली जाते. ते पुन्हा भरण्याजोगे राहत नाही. 

दोन, परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. लेखात याचा उल्लेखही नाही.

तीन, नागपुरात आयुधनिर्माणी असल्याने काडतुसे इथेच बनतात, हे लेखातील विधानही चूक. इथल्या अंबाझरी आयुधनिर्माणीत तोफगोळ्यांची कवचे बनतात. छोटी काडतुसे खडकी आणि वरणगावला.

काडतुसे घरी भरण्यापेक्षा, नेम बिघडला तर आधी पिस्तूल टेकूवर ठेवून पाच गोळ्या झाडा. टेकूवर गोळ्यांचा गट घट्ट आणि हातात विस्कटलेला, तर दोष हाताचा. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील, तर बहुधा चाप झटक्याने ओढला जातो. टेकूवरही गोळ्या विखुरल्या, तर नळी साफ करा, साइटचे स्क्रू तपासा आणि मगच दुसऱ्या लॉटची काडतुसे घ्या. एका वेळी एकच बदल करा. आणि नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात काडतुसे बंद गाडीत ठेवू नका.

लेखातील चुकांची दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

आपला,
एक पिस्तूल नेमबाज, नागपूर