परतावा म्हणजे खिरापत नव्हे

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर लाखनी हे तालुक्याचे गाव वसले आहे. भोवताली धानाची शेती. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने येथील बहुसंख्य कुटुंबांचा त्या खात्याशी संबंध येत नाही. तो येतो निवृत्त शिक्षकांचा, जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचा, मुदत ठेवींच्या व्याजावर संसार चालविणाऱ्यांचा. मात्र सरकारकडून खात्यात पैसे जमा होणे ही गोष्ट आता घरोघरी परिचयाची झाली आहे. किसान सन्मान निधीचा हप्ता येतो, धानाचे चुकारे येतात. मोबाईल वाजला की 'पैसे पडले' असे म्हणण्याची सवय जडली आहे. आयकराचा परतावाही याच माळेतला मणी समजला जातो, आणि सारा घोळ तेथूनच सुरू होतो.

मुळात 'सूट' आणि 'परतावा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर जास्तीत जास्त ६० हजार रुपयांची करसूट दिली. या सुटीने कर शून्यावर येतो. कोणाच्या खात्यात साठ हजार रुपये येत नाहीत. परतावा मिळतो तो आधीच जास्त कापून घेतलेल्या कराचा. एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण कल्पू या. निवृत्तिवेतन वर्षाला ४ लाख २० हजार, बँकेत १५ लाखांची ठेव, व्याज साडेसात टक्के. व्याज झाले १ लाख १२ हजार ५००. ज्येष्ठ नागरिकांसाठी १ एप्रिल २०२५ पासून ठरलेली एक लाखाची मर्यादा ओलांडली गेली, म्हणून बँकेने दहा टक्के, म्हणजे ११ हजार २५० रुपये कापले. गुरुजींना करच लागू नाही. तेव्हा ती रक्कम त्यांचीच, त्यांच्याच घामाची. सरकारने ती परत करणे हा उपकार नव्हे. त्यातही, वर्षानुवर्षे १५-एच या नावाने परिचित असलेले स्वयंघोषणापत्र वर्षाच्या प्रारंभीच बँकेत दिले असते, तर कपात झालीच नसती. किती घरांत हे ठाऊक असते?

आपले पैसे मागायचे तर विवरणपत्र भरावे लागते. कापलेला कर २६-एएस या पत्रकात आपल्या पॅनवर नोंदला गेला आहे की नाही, हे आधी पाहावे. खात्याच्या संकेतस्थळावर बँक खाते पूर्वप्रमाणित करावे; पॅनवरील आणि बँकेतील नावात फरक असेल तर येथेच गाडे अडते. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या साह्याने त्याची पडताळणी करावी लागते. अनेकजण ही शेवटची पायरी विसरतात आणि मग महिनोन्‌महिने वाट पाहत बसतात. पूर्वी टपालाने धनादेश येत असे. १ मार्च २०१९ पासून परतावा थेट खात्यातच जमा होतो. त्यासाठी कोणताही दुवा उघडावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही, सांकेतिक क्रमांक कोणाला सांगावा लागत नाही.

भामटे नेमके हेच करायला लावतात. ऑगस्ट २०२३ मध्ये एक संदेश देशभर फिरला: तुमचा १५ हजार ४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, तो अमुक खात्यात जमा होईल, क्रमांक चुकीचा असल्यास सोबतच्या दुव्यावर दुरुस्त करा. सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. यातील कावा पाहण्यासारखा आहे. हाव सुटावी म्हणून हा संदेश पाठविलेला नाही. धांदल उडावी म्हणून पाठविला आहे. खाते क्रमांक आपला नसल्याचे दिसताच, आपले पैसे दुसऱ्याला जातील या भीतीने सज्जन माणूसच दुवा उघडतो आणि आपल्या बँकेच्या किल्ल्या चोराच्या हाती देतो. परतावा आपण मागितला होता का, किती मागितला होता, हे ज्याला ठाऊक असते तो या सापळ्यात सहसा सापडत नाही.

दुसरी फसवणूक अधिक लाजिरवाणी, कारण तिच्यात फसणारा स्वतःच भागीदार असतो. 'दहा हजारांचे चाळीस हजार करून देतो, टक्केवारी द्या' असे सांगणारे दलाल शहरांतून बोकाळले आहेत. खोटी घरभाड्याची पावती, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवून परतावा फुगविला जातो. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत अशा दलालांवर छापे घातले. लाभार्थ्यांमध्ये सरकारी व शैक्षणिक संस्थांतील कर्मचारीही आढळले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १ हजार ४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. भ्रष्टाचाराविरुद्ध तावातावाने बोलणारा मध्यमवर्ग त्यांत नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? दलाल विवरणपत्रात स्वतःच उघडलेला तात्पुरता ई-मेल पत्ता देतो, त्यामुळे खात्याची नोटीस करदात्यापर्यंत पोहोचतच नाही. उत्पन्न जाणूनबुजून चुकीचे दाखविल्यास करावर दुप्पट दंड बसतो, आणि तो दलालाला नव्हे, ज्याच्या नावे विवरणपत्र असते त्याला भरावा लागतो.

शाखेतील वा वाचनालयातील वाणिज्य शाखेच्या दोन तरुणांनी जूनमधील चार रविवार दिले, तर गावातील बहुतेक ज्येष्ठांची विवरणपत्रे त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच मोबाईल क्रमांकावर आणि सर्व रकमा वाचून दाखवून भरली जातील. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढे वळती होण्यापूर्वी ती गोठविता येते. वृद्ध माणसे मुले रागावतील म्हणून दोन दोन दिवस गप्प राहतात. त्या दोन दिवसांत पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेलेले असतात.